एमएस्सीला जेनेटिक्स घेतलंय? आधी पेन्सिल काढा

एमएस्सीच्या पहिल्या सत्रात अ‍ॅडव्हान्स्ड जेनेटिक्सच्या अंतर्गत परीक्षेत मला ३० पैकी ९ मिळाले. बीएस्सीला मी कॉलेजात दुसरी आलेली, वरोऱ्याहून पुण्याला निघताना बाबांनी दुकानात गिऱ्हाइकांना पेढे वाटलेले. ते ९ मार्क मी घरी सांगितलेच नाहीत. पेपरात थ्री-पॉइंट क्रॉसचं, म्हणजे एका गुणसूत्रावरच्या तीन जनुकांचा क्रम आणि अंतरं काढायचं, १० मार्कांचं एक गणित होतं. मी त्यावर तीन पानं लिहिली: क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल) म्हणजे काय, जेनेटिक्सचे शास्त्रज्ञ मॉर्गन यांनी फळमाश्यांवर काय केलं, कायॅझ्मा (त्या अदलाबदलीची फुली) कसा दिसतो. दोन रंगांत आकृतीसुद्धा काढली. पेपर परत देताना सरांनी एवढंच विचारलं, "अक्षर छान आहे गं. पण जनुकांचा क्रम काय आला?"

क्रम मी काढलाच नव्हता. प्रश्नात आकडे होते आणि ते मी शोभेला ठेवले होते.

आता मी पीएचडी करते आणि आठवड्यातून दोन दिवस एमएस्सीच्या मुलामुलींची ट्युटोरियल्स आणि प्रॅक्टिकल्स घेते. दर वर्षी तशीच तीन-तीन पानं माझ्यापुढे येतात. तेच तेच तोंडी सांगून कंटाळले, म्हणून हे लिहून काढलंय.

बाबांचं किराणा दुकान. रात्री शटर अर्धं ओढलं की ते रोजमेळ लिहायला बसायचे. गल्ल्यातली रोकड, दिवसाची विक्री, उधारी. तीन रुपयांचा फरक आला तरी ताटावर यायचे नाहीत, आई भाकरी झाकून ठेवायची. मला ते अतीच वाटायचं. पण जेनेटिक्स मला जमायला लागलं ते मी तसं बसायला लागल्यावर. हा विषय वाचायचा कमी आणि जुळवायचा जास्त. पान उलटण्याआधी मेळ बसला पाहिजे.

आठ ओळींचा रोजमेळ

ज्या गणितात मला शून्य मिळालं त्याच जातीचं एक घेऊ. अ, ब, क ही तीन रिसेसिव्ह (दोन्ही प्रती तशाच असतील तरच दिसणारी) जनुकं एकाच गुणसूत्रावर आहेत, क्रम माहीत नाही. + म्हणजे वाइल्ड टाइप, नेहमीचं रूप. तिन्हींसाठी हेटरोझायगस (दोन प्रती वेगवेगळ्या असलेल्या) मादीचा टेस्टक्रॉस केला, म्हणजे तिन्ही रिसेसिव्ह असलेल्या नराशी संकर केला, आणि पिल्लं अशी आली:

अ ब क : ३६०
+ + + : ३५२
अ ब + : ९७
+ + क : ९१
+ ब + : ४६
अ + क : ४२
अ + + : ७
+ ब क : ५

पहिलं काम बेरीज. १,००० येते का बघा. हसू नका. परीक्षेत एक आकडा चुकीचा उतरवून घेणारे आणि पुढचं सगळं बिनचूक करणारे मी दर वर्षी बघते.

दुसरं काम, सगळ्यात मोठे दोन वर्ग शोधा. ३६० आणि ३५२. हे आईबापांकडून जसेच्या तसे आलेले. सगळ्यात छोटे दोन, ७ आणि ५, हे दुहेरी क्रॉसओव्हरवाले. आता या दोन जोड्या शेजारीशेजारी मांडा. 'अ ब क' आणि '+ ब क'. बदललं कोण? फक्त अ. दुहेरी क्रॉसओव्हरमध्ये मधलंच जनुक जागा बदलतं, म्हणून अ मध्ये. क्रम ब–अ–क. एवढ्या एका ओळीसाठी मी तीन पानं लिहिली होती.

मग अंतरं. ब आणि अ यांची ताटातूट झालेली पिल्लं: ४६, ४२, आणि शिवाय ७ आणि ५. एकूण १००, हजाराच्या १० टक्के, म्हणजे १० मॅप युनिट. अ आणि क यांची: ९७, ९१, पुन्हा ७ आणि ५. एकूण २००, म्हणजे २० युनिट. ब ते क ३०.

आता खरी गंमत. मधलं अ डोळ्यांआड करून नुसते ब आणि क बघा. त्यांची ताटातूट ४६ + ४२ + ९७ + ९१ = २७६ पिल्लांत दिसते. म्हणजे २७.६. मग ३० कुठून आले? राहिलेले २.४ त्या १२ पिल्लांत आहेत. त्यांच्यात दोनदा अदलाबदल झाली, त्यामुळे ब आणि क फिरून एकत्र आले आणि वरून काहीच घडलं नाही असं दिसलं. १२ पिल्लं, प्रत्येकी दोन क्रॉसओव्हर, २४. २७६ आणि २४ मिळून ३००. मेळ बसला. हे मला पहिल्यांदा हॉस्टेलच्या गच्चीवर जुळलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि सांगायला जवळ कुणी नव्हतं.

राहता राहिला इंटरफिअरन्स. दुहेरीवाली अपेक्षित किती? ०.१ गुणिले ०.२ गुणिले १,०००, म्हणजे २०. मिळाली १२. भागाकार ०.६, तो एकातून वजा केला की इंटरफिअरन्स ०.४. एका ठिकाणी तुटलं की शेजारी तुटणं अवघड होतं, एवढाच त्याचा अर्थ.

अशी गणितं किती सोडवायची? मी पहिल्या महिन्यात रोज दोन सोडवली, रविवारीसुद्धा. पाठ्यपुस्तकाचं प्रकरण आधी वाचायचं नाही. प्रकरणाच्या शेवटची उदाहरणं आधी घ्यायची, अडलं की मागे जाऊन तेवढंच वाचायचं. हे उलटं वाटतं, पण १९११ साली मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतला स्टर्टेव्हंट नावाचा पदवीचा विद्यार्थी कॉलेजचा गृहपाठ बाजूला ठेवून रात्रभर असेच आकडे घेऊन बसला आणि सकाळपर्यंत त्याने जगातला पहिला गुणसूत्राचा नकाशा काढला होता. वाचायला पुस्तक नव्हतंच, आकडे तेवढे होते.

काय-स्क्वेअरला (मिळालेल्या आणि अपेक्षित आकड्यांतला फरक योगायोगाचा आहे का, हे तपासणाऱ्या कसोटीला) घाबरणाऱ्यांनी मेंडेल यांचेच आकडे घ्यावेत. गोल वाटाणे ५,४७४, सुरकुतलेले १,८५०. तीनास एक या हिशोबाने ५,४९३ आणि १,८३१ हवे होते. फरक १९. उत्तर ०.२६ येतं, मर्यादा ३.८४, म्हणजे फरक योगायोगाचा. हाताने करा, कॅल्क्युलेटर चालेल, अ‍ॅप नको.

मामाची मुलगी आणि हार्डी-वाइनबर्ग

पॉप्युलेशन जेनेटिक्स आलं की वर्ग झोपतो. हार्डी-वाइनबर्गचं समीकरण (जनुकाच्या वारंवारतेवरून बाधितांचं, वाहकांचं प्रमाण काढणारं) बारावीपासून पाठ असतं आणि पाठ असलेल्या गोष्टीकडे कुणी बघत नाही. त्यातली 'रँडम मेटिंग' ही अट तर आपण मंगलाष्टकांसारखी ऐकतो, अर्थाकडे लक्ष न देता. आपल्याकडे लग्न रँडम होतं का? जात, पोटजात, गाव बघून होतं. आणि कितीतरी समाजांत मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगतात.

म्हणून हे करून बघा. एखाद्या दुर्मीळ रिसेसिव्ह आजाराच्या अ‍ॅलीलची (जनुकाच्या त्या रूपाची) वारंवारता ०.०१ धरा. रँडम मेटिंगमध्ये बाधित मुलं १०,००० मागे १. आता मामेबहिणीशी लग्न झालेल्या जोडप्यांची मुलं घ्या. त्यांचा इनब्रीडिंग कोएफिशंट (दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता) १/१६. बाधित होण्याची शक्यता म्हणजे ०.०००१ गुणिले १५/१६, अधिक ०.०१ गुणिले १/१६. पहिला तुकडा ०.००००९, दुसरा ०.०००६३. एकूण ०.०००७२. म्हणजे १०,००० मागे ७.

आता अ‍ॅलील ०.१ इतका सर्रास आहे असं धरून पुन्हा करा. १०० मागे १ वरून जेमतेम १.५६ वर जातं. सात पट कुठे आणि दीड पट कुठे. नात्यातल्या लग्नाचा फटका दुर्मीळ आजारांत एवढा मोठा का बसतो, हे मला आकडे मांडल्यावरच कळलं. त्याआधी मी त्यावर निबंध लिहून मार्क मिळवलेले होते.

मराठीत समजा, इंग्रजीत लिहा

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. गुणसूत्र, जनुक, उत्परिवर्तन हे शब्द पक्के होते. एमएस्सीला पहिले दोन महिने मी वर्गात भाषांतर करत बसायचे, आणि भाषांतर होईपर्यंत मॅडम पुढच्या स्लाइडवर. शेवटी एक गोष्ट कामाला आली: संज्ञा इंग्रजीच ठेवायची, पण अर्थासाठी आपल्या गावातली वस्तू शोधायची.

पेनिट्रन्स आणि एक्स्प्रेसिव्हिटी यांत निम्मा वर्ग घोळ घालतो. माझ्या वहीत लिहिलंय: 'लाइट आली का?' हा पेनिट्रन्स. 'व्होल्टेज किती?' ही एक्स्प्रेसिव्हिटी. सहा बोटांचं जनुक असलेल्या १० जणांपैकी ८ जणांना जास्तीचं बोट आलं, हा पेनिट्रन्स ८० टक्के. त्या आठांत कुणाला अख्खं बोट, कुणाला करंगळीला नुसता मांसाचा मणी, ही एक्स्प्रेसिव्हिटी. एपिस्टॅसिसला, म्हणजे एका जनुकाने दुसऱ्याचा परिणाम झाकण्याला, माझ्याकडे पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह आहे. तो बंद असला की घरातला नळ पितळी असो की प्लास्टिकचा, पाणी येत नाही. ९:३:४ या गुणोत्तरातले ते ४ म्हणजे व्हॉल्व्ह बंद असलेली घरं.

तुमच्या वहीत तुमच्या वस्तू येतील. दुसऱ्याच्या वहीची झेरॉक्स काढून उपयोग नाही, हे मी झेरॉक्स काढूनच शिकले.

प्रॅक्टिकल: चरबी आणि ग्रंथी

फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतून पॉलिटीन (जाडजूड, पट्टेरी) गुणसूत्रं काढायचं प्रॅक्टिकल बहुतेक ठिकाणी असतं आणि बहुतेक जण ते शेजाऱ्याच्या स्लाइडवर बघून सोडून देतात. तसं करू नका. माझ्या पहिल्या सात स्लाइडवर काहीही दिसलं नव्हतं. कारण मी सात वेळा मोठ्या निगुतीने चरबीच रंगवली होती.

तर नीट सांगते. बाटलीत खाद्य सोडून काचेवर वर चढत आलेली, सुस्त, जाडजूड अळी घ्या. ती तिसऱ्या अवस्थेतली. सलाइनच्या थेंबात ठेवा. एक सुई मागच्या धडावर दाबून ठेवा, दुसरी तोंडाच्या काळ्या आकड्यांच्या बरोबर मागे टेकवा आणि डोकं सावकाश ओढा. हिसका दिला तर डोकं रिकामंच येतं. नीट ओढलं तर मागोमाग बरंच काही लोंबत येतं. त्यातल्या दोन लांबट, काचेसारख्या पारदर्शक पिशव्या म्हणजे ग्रंथी. त्यांच्या कडेला चिकटलेली, दुधी, अपारदर्शक पट्टी म्हणजे चरबी. जे ठळक दिसतं ते आपलं नाही, जे जेमतेम दिसतं ते आपलं. चरबी सुईने खरवडून काढा, ग्रंथीवर अ‍ॅसिटो-ऑर्सिन टाका, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

मग कव्हरस्लिप, वर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. सरळ खाली. कव्हरस्लिप केसभर जरी सरकली तरी गुणसूत्रांचा शेवया-उपमा होतो. दाब कमी पडला तर सगळं गोळा राहतं. आठव्या स्लाइडवर मला पट्टेरी दोऱ्यांचा गुंता दिसला आणि मी प्रॅक्टिकल संपल्यावरही उठले नाही. मध्यभागी क्रोमोसेंटर (सगळी गुणसूत्रं जिथे जोडलेली असतात तो भाग), तिथून निघालेले पाच लांब हात आणि चौथ्या गुणसूत्राचा एक आखूड बोचका. मोजा. पाच अधिक एक. चारच हात दिसत असतील तर एक कुठेतरी दुसऱ्याखाली दडलाय.

जीनोमिक्स: अंगणातला पहिला पाऊस

दुसऱ्या सत्रात जीनोमिक्स (अख्ख्या डीएनएचा, म्हणजे जीनोमचा अभ्यास) आलं की निम्म्या वर्गाला वाटतं आता गणित संपलं, सॉफ्टवेअर सुरू झालं. उलट आहे. सॉफ्टवेअर चुकलं तरी उत्तर देतं, ही त्याची खोड आहे.

कव्हरेज, म्हणजे जीनोमचं एकेक अक्षर सरासरी किती वेळा वाचलं गेलं, हे समजायला आमच्या अंगणातली शहाबादी फरशी घ्या. १०० फरश्या, आणि पहिल्या सरीचे १०० थेंब पडले. प्रत्येक फरशीवर एकेक? नाही. काहींवर तीन-चार पडतील आणि साधारण ३७ कोरड्या राहतील. हेच पॉइसाँ डिस्ट्रिब्युशन. ५०० थेंब पडले तर कोरडी फरशी शंभरात जेमतेम एखादी. सिक्वेन्सिंगमधल्या (डीएनएची अक्षरं वाचण्यातल्या) रीड, म्हणजे वाचलेले छोटे तुकडे, हे थेंब. सरासरी कव्हरेज १ असेल तर ३७ टक्के जीनोम वाचलाच जात नाही, ५ असेल तर ०.७ टक्के.

मग लोक ३० कशाला मागतात? माणसाला प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात म्हणून. एखाद्या हेटरोझायगस जागेवर फक्त चार रीड पडल्या, तर चारही एकाच प्रतीवरून आलेल्या असण्याची शक्यता आठात एक. तुम्ही वाहकाला निरोगी किंवा आजारी म्हणून मोकळे. आता आडाखा बांधा: ३१० कोटी बेस, ३० पट कव्हरेज, १५० बेसची एक रीड. ६२ कोटी रीड लागतात. हा हिशोब एकदा हाताने केला की सिक्वेन्सिंगचं कोटेशन वाचताना कुणी तुम्हाला गंडवू शकत नाही.

क्वालिटी स्कोअरही (वाचलेलं अक्षर किती भरवशाचं, याचा आकडा) असाच. २० म्हणजे १०० बेसमागे १ चूक, ३० म्हणजे १,००० मागे १. आणि २०,००० जनुकांवर ०.०५ ची कसोटी लावली तर काहीही घडलेलं नसताना १,००० जनुकं 'सिग्निफिकंट' येतात. जीडब्ल्यूएएसमधली (अख्ख्या जीनोममध्ये आजाराशी जोडलेल्या जागा शोधणाऱ्या अभ्यासातली) ती भीतीदायक मर्यादा, ५ गुणिले १० चा उणे आठवा घात, कुठून आली? ०.०५ ला १० लाखांनी भागा. साधारण तेवढ्या स्वतंत्र कसोट्या धरल्यात, बस्स.

लॅपटॉप भारी हवा असं नाही. माझा दुसऱ्या हाताचा होता, ४ जीबी रॅमचा. त्यावर उबंटू टाकलं, शिकण्यापुरते छोटे डेटासेट घेतले आणि मोठं काम गॅलक्सी या ऑनलाइन सुविधेच्या फुकट सर्व्हरवर केलं. ब्राउझर चालला की झालं. इथेही रोजमेळ सोडायचा नाही. फास्टक्यू फाइलमध्ये (रीड साठवायची फाइल) एका रीडच्या चार ओळी असतात, म्हणजे एकूण ओळींना चाराने भाग गेलाच पाहिजे. नाही गेला तर डाउनलोड अर्धवट आहे. जोडीच्या दोन्ही फाइलींत रीडची संख्या सारखी हवी. अलाइनमेंटनंतर (रीड संदर्भ-जीनोमवर बसवल्यावर) आकडा मूळ रीडपेक्षा थोडा जास्त दिसला तर घाबरू नका, एकच रीड दोन जागी बसली की ती दोनदा मोजली जाते. कमी दिसला तर मात्र घाबरा.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडू नका. 'मार्च-१' नावाच्या जनुकाची एक्सेलने १ मार्च तारीख करून टाकली आणि 'सेप्ट-२' चं सप्टेंबर. हे इतक्या शोधनिबंधांत घडलं की २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल बदलण्यापेक्षा जनुकं बदलणं सोपं पडलं!

सरावाला डेटा हवा तर वन थाउजंड जीनोम्स प्रकल्पाचा घ्या, सगळा खुला आहे. त्यात ह्यूस्टनचे गुजराती आहेत, लाहोरचे पंजाबी आहेत, ब्रिटनमधले तेलुगू आहेत. मराठी असा गट नाही. जीनोमइंडियाचा १०,००० भारतीयांचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रातून संशोधकांना खुला झाला, पण त्यासाठी रीतसर प्रस्ताव द्यावा लागतो. तो गाइडच्या नावाने, आणि वेळेत.

माझे तीन आठवडे

शाळेत माझ्या बाकावर एक मुलगी होती. पावसाळ्यात आठ-आठ दिवस यायची नाही. गुडघे, कोपर, पाठ, सगळं ठणकायचं तिचं. "सिकल आहे," एवढंच घरचे म्हणायचे. आमच्या विदर्भात लोक 'एएस पॅटर्न' (सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक), 'एसएस पॅटर्न' (आजारी) हे शब्द रेशनकार्डाइतक्या सहज बोलतात. म्हणून डेझर्टेशनला मी सिकलसेलवाली जागाच घेतली. ११ व्या गुणसूत्रावर, बीटा ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदललेलं. इतकं सोपं, की यात काय चुकणार?

एका जुन्या निबंधाच्या पुरवणीतून मी जागा उतरवून घेतली: ५२,४८,२३२. एसएस असल्याचं रक्ततपासणीतून पक्कं माहीत असलेल्या नमुन्याचा डेटा उघडला. त्या जागेवर सगळं नॉर्मल. दुसरा नमुना, तोही नॉर्मल. मी ठरवलं, नमुने बदलले गेलेत. लॅबमधल्या दादांशी त्यावरून वाद घातला, फ्रीजमधल्या सगळ्या नळ्या पुन्हा मोजायला लावल्या. त्यांनी मोजल्या. बरोबर होत्या.

तीन आठवड्यांनी कळलं. माझी जागा जुन्या संदर्भ-जीनोमवरची होती, जीआरसीएच-३७ वरची. डेटा जीआरसीएच-३८ वर बसवलेला. तिथे तीच जागा ५२,२७,००२ आहे. मी २१,२३० बेस पलीकडे, भलत्याच अंगणात हुडकत होते. दादांना चहा पाजून माफी मागितली.

योग्य जागी गेले तर दुसरा धक्का. पुस्तकात ए चा टी होतो असं पाठ केलेलं, जीएजी चं जीटीजी. स्क्रीनवर टी चा ए दिसत होता. कारण हे जनुक डीएनएच्या उलट्या पट्टीवर आहे आणि फाइल नेहमी सुलट्या पट्टीची अक्षरं लिहिते. आणि तिसरा: पुस्तक म्हणतं सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, डेटाबेस म्हणतो सातव्या. दोघंही बरोबर. डेटाबेस सुरुवातीचं मेथिओनिन मोजतो, जुनी पद्धत मोजत नाही, कारण तयार प्रथिनातून ते छाटलं जातं.

एका अक्षराच्या बदलाला तीन वेगवेगळे पत्ते. तुम्ही जीनोमिक्स सुरू करताय ना, तर पहिल्याच आठवड्यात एन्सेम्बल हा जीनोमचा खुला डेटाबेस उघडा, आरएस-३३४ (याच बदलाचा नोंदणी क्रमांक) शोधा आणि हे तिन्ही पत्ते स्वतः एकमेकांशी जुळवा. एक दुपार लागेल.

पेपर वाचणं, आणि नेट

शोधनिबंध वाचताना आधी आकृत्या बघा, मग त्यांच्याखालचा मजकूर, मग पद्धती. गोषवारा शेवटी. तो लेखकांनी तुम्हाला पटवायला लिहिलेला असतो. 'पूर्ण' हा शब्द दिसला की तर कान टवकारा. मानवी जीनोम २००३ मध्ये 'पूर्ण' झाला असं आपण शाळेत शिकलो. सुमारे ८ टक्के राहिलेला भाग २०२२ मध्ये भरला. तोही अशा पेशींवर काम करून, ज्यांत दोन्ही प्रती सारख्याच होत्या, म्हणजे कोडं निम्म्याने सोपं. त्या पेशींत वाय गुणसूत्र नव्हतंच. ते पूर्ण व्हायला २०२३ उजाडलं.

सीएसआयआर नेटसाठी वेगळा अभ्यास मी फारसा केला नाही. लाइफ सायन्सेसच्या पेपरात क विभागात ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४ मार्क, चुकलं की एक मार्क वजा. तिथे वंशावळी, लिंकेज, टेट्राड असले प्रश्न येतात आणि वाचून आलेली मुलं ते सोडून पुढे जातात. रोज दोन गणितं केलेल्यांना तेच हक्काचे मार्क. बाकी क्लास लावायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या खिशाने ठरवावं. मी लावला नव्हता, कारण खिसा नव्हता.

जाता जाता एक गणित देते, ट्युटोरियलमध्ये मी पहिल्या दिवशी हेच देते. एका निरोगी बाईच्या भावाला सिकलसेल आहे, आईवडील दोघं निरोगी. तिचा नवराही निरोगी, आणि त्याच्या समाजातल्या निरोगी माणसांत दहातला एक वाहक असतो. त्यांच्या पहिल्या मुलाला आजार होण्याची शक्यता किती? १/८० आलं तर तुम्ही बाईला १/२ धरलंत. ती आजारी नाही हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा चारातलं एक घर आधीच खोडा. उरलेल्या तिनातली दोन वाहकांची. उत्तर १/६०.

पहिलं मूल निरोगी जन्मलं. आता दुसऱ्याचं सांगा. इथे वर्गातले बहुतेक हात १/६० साठीच वर होतात. ते ३/२३६ येतं. कसं, ते पेन्सिलीने.